आधी पेटी उघडा, मग प्लेअर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रेकॉर्ड प्लेअर कुठला घ्यावा यावर लेख आला होता तो वाचला. फोटो झकास होते, कॉफीचा मग, कोपऱ्यात झाड, आणि मधोमध सुटकेससारखा दिसणारा प्लेअर. पण अख्ख्या लेखात एक प्रश्न कुठं विचारलेलाच नाही आणि माझ्या मते सुरुवातच तिथून व्हायला पाहिजे, की बाबांनो तुमच्या घरी रेकॉर्डी कुठल्या आहेत? लेख लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललंय की माणूस आधी प्लेअर घेणार आणि मग नवीन कोऱ्या एलपी, म्हणजे मोठ्या, लांब वाजणाऱ्या तबकड्या, मागवणार. शहरात असेल तसं. आमच्याकडं उलटं असतं, माळ्यावरून पेटी खाली येते, आजोबांची नाहीतर मामांची, आणि मग घरातली पोरं विचारतात की हे वाजवायचं कशावर.

मी मिरजेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता काउंटर मुलगा सांभाळतो, मोबाईलचं काम जास्त, मी मागं बसतो. तरी पेट्या घेऊन लोक माझ्याकडंच येतात. पेटीत काय असतं ते आता न उघडता सांगता येतं. खाली जाडजूड, जड, कडक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या, खाकी कागदात, त्यातल्या एकदोन फुटलेल्या. त्यावर सात इंची ईपी, चार-चार गाण्यांच्या, भावगीतं, लावण्या, सिनेमाची गाणी. आणि सगळ्यात वर पाच-दहा एलपी, जास्त करून शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत. म्हणजे एका पेटीत तीन प्रकारचा माल आणि तिन्हीची गरज वेगळी. हे कळल्याशिवाय कुठलाही प्लेअर घेतला तरी निम्मी पेटी मुकी राहणार.

आमच्या गावाचं उदाहरण देतो. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेले. एलपी अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं बाजारात आणली १९४८ साली. म्हणजे खाँसाहेबांचं मूळ रेकॉर्डिंग जे काही आहे ते सगळं एलपीच्या आधीच्या जुन्या तबकड्यांवरच झालेलं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. आपल्याकडं तर ७८ चा जमाना साठच्या दशकातही चालूच होता. मग मिरजेतल्या माणसानं फक्त ३३ आणि ४५ वर फिरणारा प्लेअर घेतला तर त्याच्या पेटीतला सगळ्यात मोलाचा माल तसाच पडून राहणार की नाही? आणि आजकालचे बरेचसे सुरुवातीचे, स्वस्तातले चांगले प्लेअर ह्या दोनच स्पीडचे असतात. दुकानदार हे सांगत नाही, त्याला बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं.

नुसत्या स्पीडनं पण भागत नाही हो. ७८ ची खाच रुंद असते. तिला लागते जाड सुई, टोकाची त्रिज्या साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपी आणि ईपीची खाच बारीक, तिची सुई ०.७ मिल, १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८ वर टेकवली की ती खाचेच्या तळाला जाऊन तिथला साठलेला कचरा घासत बसते, आवाज येतो पण सगळी खरखर, गाणारा लांब कुठंतरी. आणि उलट केलं, म्हणजे ७८ ची जाड सुई एलपीवर, तर ती खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा खरवडून टाकते आणि ती एलपी कायमची गेली. लोक म्हणतात रेकॉर्ड खराब झालीय हो, वाजवून बघितली, नुसती खरखर. मी म्हणतो आधी सुई दाखवा.

आता कुठला घ्यायचा. मला कुठल्या कंपनीचं कमिशन नाही, दुकानात मी प्लेअर विकतपण नाही, त्यामुळं नावं घेऊन सांगतो. पेटीत फक्त ईपी आणि एलपी असतील, संख्या कमी असेल, आणि घरात वाजवणारी व्यक्ती वयस्कर असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स पुरे. बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आपोआप उठतो, रेकॉर्डवर जातो, संपली की परत येतो, हात थरथरणाऱ्या माणसाला याच्यासारखं सुख नाही. सुई बदलता येते. पण कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बदलता येत नाही, सुईचा भार ॲडजस्ट करता येत नाही आणि ७८ नाही म्हणजे नाही. पेटी मिसळ असेल, म्हणजे वर सांगितली तशी, तर त्याच कंपनीचा एलपी१२०एक्स घ्या, त्यात तिन्ही स्पीड आहेत, मागं सुईचा भार ठरवायचं काउंटरवेट आहे, हेडशेल (कार्ट्रिज बसवायचं पुढचं टोक) हातानं फिरवून काढता येतं, आणि स्पीड कमी-जास्त करायची पट्टी आहे जी पुढं फार कामाला येते ते सांगतोच. रेगा, प्रो-जेक्ट हे पण चांगले, दिसायला तर फारच देखणे, ज्याला एलपीच ऐकायच्या आहेत त्यानं जरूर घ्यावेत. पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत स्पीड बदलायला थाळी उचलून बेल्ट हलवावा लागतो, ईपी-एलपी-ईपी असं ऐकणाऱ्याला तो वैताग आहे.

सुटकेस प्लेअरबद्दल चार शब्द लिहितो, कारण लेखात त्याचंच कौतुक होतं. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, लाल टोकाची सुई, आणि ती रेकॉर्डवर साधारण पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते जिथं चांगल्या मॅग्नेट कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. वर त्याच डब्यात स्पीकर, म्हणजे स्पीकर हलला की सुई हलते, सुई हलली की स्पीकर ओरडतो. एकदोनदा वाजवून रेकॉर्ड मरत नाही, तेवढं घाबरवायचं कारण नाही, जुन्या एचएमव्हीच्या फिएस्टा प्लेअरात पण सिरॅमिकच होतं आणि आपण सगळे त्याच्यावरच गाणी ऐकत मोठे झालो. पण फिएस्टाच्या काळात तीच रेकॉर्ड दुकानात परत मिळायची. आता मिळत नाही. याहून वाईट म्हणजे बाजारात मिळणारे पितळी भोंग्याचे 'अँटिक' ग्रामोफोन. शोभेला ठेवा, त्यावर फुलदाणी ठेवा, पण रेकॉर्ड ठेवू नका. भोंग्याच्या मशिनचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारी डबी, शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो आणि त्याला स्टीलची पिन लागते जी एका बाजूनंतर टाकून द्यायची असते, लोक महिनोन्‌महिने एकच पिन वापरतात. आणि कुणी त्यावर एलपी लावली तर काय होतं ते लिहवत नाही.

कार्ट्रिजकडं येतो, कारण खरा पैसा इथं घालायचा असतो. लोक प्लेअरच्या लाकडाला, झाकणाला, ब्लूटूथला पैसे देतात आणि सुई जी येईल ती. रेकॉर्डला शिवते ती फक्त सुई, बाकी सगळं तिला धरून ठेवायला आणि रेकॉर्ड फिरवायला. छोट्या कलेक्शनला मी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका सुचवतो, आणि कारण आवाजापेक्षा सोयीचं आहे. एकच बॉडी, आणि पुढची सुई ओढून दुसरी बसवता येते. गोल टोकाची आहे, लंबगोल आहे, त्याहून महाग, बारीक टोकाच्या मायक्रोलिनिअर आणि शिबाता आहेत, आणि एसपी नावाची ३ मिलची आहे ती खास ७८ साठी. १२०एक्सवर यातली लंबगोलवाली, व्हीएम९५ई, कंपनीतूनच बसून येते, भार २ ग्रॅम. म्हणजे एक एसपी सुई वेगळी घेतली की पेटीतला सगळा माल वाजतो, फक्त सुई बदलली की भार पण बदलायचा, प्रत्येक सुईच्या कागदावर आकडा असतो तो बघायचा. कुणी ऑर्टोफोनच्या २एम रेडच्या प्रेमात असेल तर तेही उत्तम, १.८ ग्रॅम, आणि पुढं पैसे आले की त्याच बॉडीवर ब्लूची सुई चढते. डेननचं डीएल-१०३ वगैरे नावं नेटवर वाचून काही तरुण मंडळी येतात. अरे, ते मूव्हिंग कॉइल आहे, आउटपुट कमी, त्याला वेगळा प्रीअँप (आवाज आधी वाढवून देणारा डबा) लागतो, जड आर्म लागतो, सुई झिजली तर घरी ओढून बदलता येत नाही. चाळीस-पन्नास रेकॉर्डींसाठी एवढा संसार कशाला.

महागडी सुई घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. माझा अनुभव असा की घरातल्या जुन्या ईपी आधीच जड पिनांनी घासलेल्या असतात, त्यांच्यावर साधी गोल किंवा लंबगोल सुई बरी चालते. बारीक टोकाची मायक्रोलिनिअर कधीकधी खाचेतल्या न झिजलेल्या भागाला जाऊन टेकते आणि तीच रेकॉर्ड एकदम स्वच्छ वाजते, कधीकधी उलट सगळे ओरखडे मोजून दाखवते. जुगार आहे. नवीन एलपी घेणार असाल तर महागड्या सुईचं बघा, नाहीतर तेच पैसे चांगल्या कव्हरांत आणि धुण्यात घाला. आणि सुई ओरिजिनलच घ्या, नेटवर 'त्याच मॉडेलला फिट' म्हणून ज्या निम्म्या किमतीत मिळतात त्या मी भिंगाखाली बघितल्यात, एकीचा हिरा चक्क तिरका चिकटवलेला होता, म्हणजे खाचेची एकच भिंत घासणार.

मोनोचं, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज, त्याचं कुणी बोलतच नाही. आपल्या पेटीतल्या सगळ्या ७८ मोनो, आणि बऱ्याच जुन्या ईपी-एलपी पण मोनो. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं असतं ते सुईच्या आडव्या हालचालीत, उभी हालचाल म्हणजे निव्वळ कचरा. स्टिरिओ कार्ट्रिज दोन्ही उचलतं. म्हणून जुन्या अँप्लिफायरला मोनोचं बटण असायचं, ते दाबलं की दोन्ही चॅनल एक होतात आणि उभ्या हालचालीचा आवाज बराचसा आपोआप कटतो. दाबून बघा, खरखर एकदम खाली बसते, लोकांना वाटतं मी काही जादू केली. नवीन अँप्लिफायरात बटण नसतं बऱ्याचदा, म्हणून जुना अँप्लिफायर भंगारात देताना जरा थांबा.

जोडणीची गंमत वेगळीच. मॅग्नेट कार्ट्रिजचा आउटपुट चार-पाच मिलिव्होल्ट, तो सरळ अँप्लिफायरच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) दिला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, कारण रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे सूर वाढवलेले असतात, ते परत जागेवर आणायचं काम फोनो प्रीअँप करतो. हल्लीच्या प्लेअरात तो आतच असतो आणि मागं फोनो-लाइन असा खटका असतो. खटका लाइनवर आणि वायर अँप्लिफायरच्या फोनोत, असं केलं की आवाज फाटतो. खटका फोनोवर आणि वायर ऑक्समध्ये, की कुजबुज. 'प्लेअर बिघडलाय' म्हणून येणाऱ्यांत असले कितीतरी असतात, मी खटका सरकवतो आणि चहाचे पैसे पण घेत नाही. भुणभुण येत असेल तर अर्थची बारीक वायर जोडलीय का बघा, आणि घराच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का तेही बघा, जुन्या वाड्यांत तीन भोकं असतात पण तिसऱ्यात काहीच नसतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. परदेशातून आणलेला प्लेअर. मुलगा अमेरिकेत असतो, तिथं जुना सुंदर टर्नटेबल स्वस्तात मिळतो, तो बॅगेत घालून आणतो. ११० व्होल्टचा म्हणून ट्रान्सफॉर्मर लावतात आणि खुश. अहो, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल (विजेची सेकंदाची आवर्तनं, म्हणजे हर्ट्झ) बदलत नाही! तिथली लाइन ६० सायकलची, आपली ५०. जुन्या बेल्टवाल्या किंवा चाकवाल्या टर्नटेबलची मोटर बहुतेक करून लाइनच्या सायकलवर फिरते, म्हणजे इथं ती सहात एक भाग हळू फिरणार. सहात एक भाग म्हणजे सुरात तीन अर्ध्या स्वरांहून थोडं जास्तच खाली. काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेला गवई तुमच्या घरी काळी पाचच्याही किंचित खाली गायला लागतो, भारदस्त, झोपाळलेला. आणि ऐकणारे म्हणतात, वा, काय जुन्या काळचा खर्ज! ५० सायकलची पुली मिळाली तर त्याचा इलाज आहे, काही कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांना ती मिळते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारखे डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवर) किंवा अडॅप्टरवर चालणारे डीसी मोटरचे असतील तर ही भानगडच नाही, त्यांचा व्होल्टेज तेवढा बघायचा. म्हणून बॅगेत घालायच्या आधी खालची प्लेट वाचा, ५०/६० लिहिलंय का नुसतं ६०.

आमच्याकडं हे लपत नाही. शेजारच्या गल्लीत तंबोरे बनतात, तिथला कारागीर दुकानावरून जाताना थांबतो आणि आत रेकॉर्ड चालू असली तर चपला न काढता सांगतो, पाव सूर चढी आहे बघा. मीटर लावला की दीड टक्का, दोन टक्के जास्त निघतोच. अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के स्पीड, त्यामुळं दोन टक्के बऱ्याच लोकांना कळत नाहीत, पण साथीला तंबोरा किंवा हार्मोनियम घेऊन रेकॉर्डबरोबर गळा लावणाऱ्या विद्यार्थ्याला लगेच कळतात. शिवाय फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्याच नसतात, सुरुवातीच्या काळात कुणी सत्तरच्या आसपास, कुणी ८० वर, तो आकडा पक्का व्हायला वेळ गेला. म्हणून ती स्पीडची पट्टी हवी म्हटलं. गवई कुठल्या सुरात गायचा ते माहीत असेल तर हार्मोनियम समोर घ्या आणि रेकॉर्ड सुराला आणा.

स्पीड तपासायला स्ट्रोबची कागदी चकती नेटवरून छापून घेता येते, ५० सायकलवर ३३ साठी १८० रेघा लागतात, ६० वाली चकती घेऊ नका तिच्यात २१६ असतात. थाळीवर ठेवून चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली बघायचं, रेघा स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. एलईडीखाली बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर हा प्रयोग करू नका, साध्या इन्व्हर्टरची सायकल नेमकी ५० असतेच असं नाही.

मांडणीचं थोडक्यात. प्लेअर शोकेसवर नको, जिन्याजवळ नको, स्पीकरच्या टेबलावर तर नकोच. भिंतीत रोवलेल्या मांडणीवर कडप्प्याची फरशी आणि तिच्यावर प्लेअर, गवंड्याकडची पाणसळ लावून सरळ करून घ्या. भार मोजायला सुईचा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, सोनाराकडचा छोटा काटा पण ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो पण त्याची थाळी लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो. वर प्लास्टिकचा जाड तुकडा ठेवून तिथं मोजा. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते असा एक समज आहे, चुकीचा आहे, कमी भाराची सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. कंपनीनं दोन म्हटलंय तर दोनच.

धुण्याबद्दल एकच गोष्ट ओरडून सांगायची आहे. ७८ ची तबकडी शेलॅकची, म्हणजे आपली लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराला विचारा, तो पॉलिश असंच करतो. नेटवर रेकॉर्ड क्लीनर म्हणून जे पातळ मिळतं त्यातल्या बऱ्याच जणांत अल्कोहोल असतं, ते एलपीला थोडंफार चालतं, ७८ ला लावलं की चकाकी गेली, खाच गेली. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विड सोपचा थेंब, मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं, कागदी लेबल कोरडं ठेवून. आमच्याकडं पावसाळ्यात बुरशी चढते ती यानंच निघते. नंतर उभ्या ठेवा, पण घट्ट दाबून नाही.

इतकं लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, फक्त स्पिरिटचा आणि सायकलचा भाग कापू नका. आणि एक विनंती. पुढच्या वेळी पुरवणीत प्लेअरचा तक्ता द्याल तेव्हा तीन रकाने वाढवा, ७८ चा स्पीड आहे का, सुई-कार्ट्रिज बदलता येतं का, आणि भार ॲडजस्ट होतो का. रंगाचा रकाना काढला तरी हरकत नाही. तसंच ज्यांना पेटी मिळालीय पण वाजवायची नाहीये त्यांनी ती रद्दीवाल्याला देऊ नये, मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून ह्याच कामासाठी निघालेली आहे, आणि गावोगाव असे संग्राहक असतातच, त्यांना निदान लेबलांचे फोटो पाठवून विचारा. मागच्याच महिन्यात एकजण फुटक्या तबकड्या म्हणून गठ्ठा टाकून गेला, त्यातली फुटकी एकच होती, वरची.

आपला,
एक जुना वाचक आणि रेडिओ मेकॅनिक, मिरज